गुळाच्या पाकिटावर 'इको-फ्रेंडली' छापावं का? छोट्या धंद्याने हरित मार्केटिंग कसं करावं?

काकवीवाली_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामात एक किलो आणि अर्ध्या किलोचे रवे (गुळाच्या छोट्या ढेपा), गूळ पावडर आणि काकवी करतो. वर्षभर कांदा-लसूण मसाला असतो. माल महाद्वार रोडच्या दोन दुकानांत ठेवतो, प्रदर्शनांत स्टॉल लावतो आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या ऑर्डरी पुण्या-मुंबईला कुरिअर करतो.

पुण्याकडची गिऱ्हाइकं आता गुळाआधी पॅकिंगचं विचारतात. पाऊचवाल्याने तपकिरी क्राफ्ट कागदाचे खिडकीवाले पाऊच दाखवले. त्यावर '१००% बायोडिग्रेडेबल', 'इको-फ्रेंडली', 'केमिकल फ्री', 'ऑरगॅनिक' आणि एक हिरवं पान असं सगळं छापून देतो म्हणतोय. कमीत कमी ३,००० नग घ्यायला लागतात.

आमची खरी परिस्थिती अशी: चुलवाण (रस उकळायची भट्टी) फक्त चिपाडावर, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्यावर चालतं. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारी रासायनिक पावडर) घालत नाही. रस साफ करायला भेंडी आणि थोडा चुना. ऊस काही आमचा, काही शेजारचा. युरिया पडतो, त्यामुळे सेंद्रिय म्हणता येणार नाही हे माहीत आहे. काकवीत साखर धरू नये म्हणून सायट्रिक अॅसिड.

विचारायचं हे की, (१) यातलं काय छापलं तर चालेल? (२) पाऊच कोणता घ्यावा? (३) एवढं करून गिऱ्हाइकाला ते कळावं कसं, दर न वाढवता?

---

लेबल_वाचणारा

ताई, ते चारही शब्द छापू नका. हिरव्या पानाचं नंतर बोलू.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती मोठ्या कंपन्यांपुरती नाहीत. माल बनवणारा, विकणारा, जाहिरात करणारा, सगळे त्यात येतात. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नॅचरल', 'ऑरगॅनिक', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द नुसते लिहायचे नाहीत. लिहिलेत तर कशामुळे, हे तिथंच सांगायचं आणि पुरावा हाताशी ठेवायचा. दावा कशाबद्दल आहे तेही स्पष्ट हवं: मालाबद्दल, पाकिटाबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल की वापरून टाकून देण्याबद्दल. 'कंपोस्टेबल', 'रिसायकल होणारं', 'अमुक-मुक्त' अशा नेमक्या दाव्यांना प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा तिऱ्हाइताकडून झालेली तपासणी लागते. तपशील पाकिटावर मावत नसेल तर क्यूआर कोड चालतो, ही सोय छोट्या पाकिटाला फार कामाची आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गुऱ्हाळावर लगेच कोणी धाड घालेल असं नाही. पण प्रतिस्पर्ध्याला किंवा नाराज गिऱ्हाइकाला तक्रार करायला छापील पाकीट पुरतं.

आता एकेक शब्द घेतो.

'केमिकल फ्री': चुना हे रसायन आहे, सायट्रिक अॅसिडही आहे. त्यामुळे हे सरळ खोटं ठरतं. तुम्हाला म्हणायचंय ते 'हायड्रॉस वापरलेलं नाही'. मग तेवढंच म्हणा आणि त्याची चाचणी करून घ्या. हायड्रॉसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो. अन्न मानकांत गुळासाठी त्याची कमाल मर्यादा किलोला ७० मिलीग्रॅम आहे. शिवाय किलोला १० मिलीग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर ॲलर्जीच्या सूचनेत ते लिहावंच लागतं. म्हणून 'हायड्रॉस नाही' म्हणणाऱ्याचा आकडा १० च्या खाली आला पाहिजे. एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत एका आदणाचा (काहिलीत एका वेळी शिजवलेल्या गुळाचा) नमुना द्या, पिशवीवर आदणाची तारीख आणि बॅच नंबर घाला, आणि अहवालावर तोच नंबर येतोय ना बघा. नंबर नसलेला अहवाल कुठल्या गुळाचा, हे नंतर सिद्ध करता येत नाही. एकदाच केलेली चाचणी अख्ख्या हंगामाला लावू नका. सुरुवातीला एक, मधे एक, आणि बाहेरून ऊस आणायला लागलात की आणखी एक.

'नैसर्गिक': अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दावे-जाहिरात नियमांत या शब्दाला अटी आहेत. एकाच घटकाचा पदार्थ, त्यात बाहेरून काही घातलेलं नको. चुना-भेंडीवाल्या गुळाला हा शब्द लावून वाद ओढवून घेऊ नका. सायट्रिक अॅसिडच्या काकवीला तर लावताच येत नाही. मसाल्यात दहा-पंधरा जिन्नस असतात, त्यामुळे तोही बाद.

'ऑरगॅनिक': २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांप्रमाणे एनपीओपी (बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेलं प्रमाणपत्र) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची दिलेली हमी) यांपैकी एका वाटेने यावं लागतं. तुम्ही ज्या गावात आहात तिथं पीजीएस जमण्यासारखं आहे: किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेताची तपासणी, नोंदवही. रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक'. पण फक्त शेत सेंद्रिय असून भागत नाही. तो ऊस वेगळा गाळला, काहील आधी धुतली, गूळ वेगळा ठेवला, ही साखळी कागदावर दिसायला हवी. सध्या युरिया पडतोय तोवर हा विषय बंद.

हिरवं पान: नुसत्या रंगाला किंवा चित्राला मार्गदर्शक तत्त्वांत आडकाठी नाही, जोवर त्यातून फसवणूक होत नाही. पानाखाली 'इको' लिहिलंत की मात्र तो दावा झाला. प्रमाणपत्राचा शिक्का वाटेल असा गोल करून पान छापू नका. आणि शाकाहारीची हिरवी खूण वेगळी, ती लागतेच.

---

शिरोली_पॅकिंग

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

ज्या पाऊचवर तो 'बायोडिग्रेडेबल' छापणार आहे त्याचा एक तुकडा मागून घ्या. टीचभर कापा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी बोटाने कागद चोळून काढा. कागदाचा लगदा होऊन निघून गेला आणि हातात पातळ चकचकीत कातडीसारखी फिल्म राहिली, तर तो आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला क्राफ्ट आहे. बाजारातले बहुतेक खिडकीवाले क्राफ्ट पाऊच असेच असतात. असा पाऊच कुजतही नाही आणि रद्दीवालाही घेत नाही, कारण कागद आणि फिल्म वेगळी करणं त्याला परवडत नाही. दिसायला हिरवा, पण विल्हेवाटीला साध्या प्लास्टिकपेक्षा वाईट.

समजा तो म्हणाला, अस्तर कंपोस्टेबल आहे. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. त्यावरचं उत्पादकाचं नाव तुम्हाला माल देणाऱ्याचंच आहे का, मालाचा प्रकार तोच आहे का, मुदत आहे का, हे तीन बघा. मानक आयएस/आयएसओ १७०८८. हे मानक कारखान्यातल्या गरम कंपोस्टिंगचं आहे, तिथलं तापमान ५८ अंशांच्या आसपास असतं. गिऱ्हाइकाच्या गॅलरीतल्या कुंडीत ते कुजेलच असं नाही. त्यामुळे कंपोस्टेबल घेतलंत तरी 'कुंडीत टाका' असं लिहू नका. आणि तो पाऊच दुधाच्या पिशव्यांत मिसळला तर पुनर्वापराचा तो सगळा लॉट बिघडतो.

आता कशाला काय वापरावं.

रवा: गूळ हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर नुसत्या कागदात ठेवलेला रवा आठवड्याभरात पाघळतो, कागद चिकटतो, मग गिऱ्हाईक चाकूने कागद खरवडत बसतं. पावसाळ्यात आत ओलावा अडवणारा थर लागणारच, हे मान्य करून चला. सगळ्यात प्रामाणिक उपाय म्हणजे आत एकाच जातीच्या पॉलिथिनची साधी पिशवी आणि बाहेर पुठ्ठ्याची पेटी. दोन्ही हाताने वेगळं होतं. पेटी रद्दीत जाते, पिशवी धुऊन दुधाच्या पिशव्यांबरोबर भंगारात देता येते. डिसेंबर ते मार्च, स्टॉलवरून लगेच घरी जाणारा रवा असेल तर सुती कापडात बांधून दिला तरी चालतो. वर्तमानपत्रात मात्र कधीच नाही. अन्न गुंडाळायला ते चालत नाही, शाई उतरते.

गूळ पावडर: हिच्यात ओलावा २ टक्क्यांच्या आत असेल तर ती मोकळी राहते. क्राफ्टची नुसती पिशवी इथं चालत नाही, पंधरा दिवसांत गोळे होतात. एकाच मटेरियलचा पॉलिथिन पाऊच घ्या, चमकणारा चांदीचा थर नको. भरताना पावडर पूर्ण गार झालेली हवी. कोमट भरली तर आत वाफ धरते आणि गिऱ्हाईक पाऊचला दोष देतं.

मसाला: तेल आणि वास, दोन्ही सांभाळायचे. कागद तेल पितो, बाहेर डाग येतात. काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा उत्तम. पाऊचच हवा असेल तर इथं पक्का अडथळा देणारा बहुस्तरीय पाऊच लागतो आणि तो रिसायकल होत नाही. मग त्या पाकिटावर पर्यावरणाचा एक शब्दही लिहू नका. एका मालावर दावा करून दुसऱ्यावर गप्प बसण्यात गैर काही नाही.

काकवी: काचेची बाटली. ५०० मिलीच्या बाटलीत गळ्याशी जागा सोडून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास काकवी बसते, म्हणून वजन मोजूनच लिहा. पातळ राहिलेली काकवी फसफसते आणि झाकण फुगतं. काच चांगली, पण जड. पुण्याला एकेक बाटली कुरिअर करताना काच, तिला सांभाळायचा पुठ्ठा आणि वाढलेलं वजन धरलं तर 'काच म्हणजे हिरवं' हे गणित जमत नाही. काच कोल्हापुरात, जिथं ती परत येऊ शकते, तिथं शोभते.

कुरिअर पेटी: एक किलोचे चार रवे असतील तर ५-प्लाय (पाच थरांची), एकच असेल तर ३-प्लाय पुरते. पेटी मालाच्या मापाची घ्या. मोठी पेटी घेऊन आत फुगे भरण्यात पैसेही जातात. भरायला कापलेला पुठ्ठा. टेप कागदाची, पाणी लावून चिकटणारी, मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांना लावा. पावसाळ्यात तिचे रोल दमट हवेने आपोआप चिकटून बसतात, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं स्पंज जास्त फिरवलं तर डिंक वाहून जातो आणि टेप वाटेत सुटते.

---

शाहूपुरी_अडत

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. दोनच गोष्टी सांगायच्या राहिल्यात.

रंगाचं. हायड्रॉसने गूळ पिवळाधमक दिसतो आणि ठेवला की काळवंडतो. पण उलट खरं नाही. गूळ काळपट आहे म्हणजे हायड्रॉस नाही, असं होत नाही. जमीन, उसाची जात, शिळा ऊस, काहिलीत लागलेला पाक, कशानेही रंग गडद येतो. त्यामुळे 'काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ' असली जाहिरात करू नका. उद्या दुसरा कोणी जळका गूळ 'शुद्ध' म्हणून विकेल आणि तुमचीच पाटी त्याच्या कामी येईल.

दुसरं नावाचं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. माल इथला आहे म्हणून मानांकनाचं चिन्ह आपोआप लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती करून घ्या. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला 'इको'पेक्षा हे जास्त कळतं.

---

काकवीवाली_करवीर

मनापासून आभार. पाण्यातली चाचणी केली. फिल्म निघाली. ती ऑर्डर थांबवली.

एक किलो रव्याच्या पेटीसाठी मजकूर असा केलाय, बघून सांगा:

'आमचा गूळ पूर्णपणे प्रदूषणमुक्त पद्धतीने बनवला जातो. चुलवाण उसाच्या चिपाडावर चालते. हायड्रॉस नाही. भेंडी व चुन्याने साफ केलेला पारंपरिक गूळ. पेटी रिसायकल करा, पृथ्वी वाचवा. लवकरच आम्ही प्लास्टिकमुक्त होणार.'

---

लेबल_वाचणारा

मधली तीन वाक्यं सोन्यासारखी आहेत. आजूबाजूचं काढा.

'पूर्णपणे प्रदूषणमुक्त' नको. चुलवाणाला धुराडं आहे आणि त्यातून धूर निघतो. ओलं चिपाड टाकलंत की काळा निघतो. तुमच्याच गुऱ्हाळाचा फोटो काढून कोणी शेजारी लावला की संपलं.

'चुलवाण चिपाडावर चालते' याला 'फक्त' जोडा, कारण त्या शब्दातच दम आहे. पण जोडण्याआधी खात्री करा. अवकाळी पावसात चिपाड भिजलं, कमी पडलं, तेव्हा जळव्या (चुलवाणात जाळ घालणारा) काय टाकतो? लाकूड, भुसा, जुना टायर? टायर टाकला जात असेल तर आधी तो बंद करा, मार्केटिंगचं मग. लाकूड टाकत असाल तर 'मुख्यतः चिपाडावर' लिहा. चिपाड कोरडं मिळावं म्हणून किमान दोन-तीन दिवसांच्या गाळपाचं चिपाड ताडपत्रीखाली रचून ठेवा. तेवढा साठा नसेल तर 'फक्त' हा शब्द पावसाच्या पहिल्या सरीत खोटा ठरतो.

'पारंपरिक' चालेल, पण तो शब्द पद्धतीला लावा: 'भेंडीने रस साफ करण्याची पारंपरिक पद्धत'. पिढ्यान्‌पिढ्या तीच पद्धत चालत आली असेल तर हा शब्द टिकतो.

'पृथ्वी वाचवा' काढा. त्याऐवजी गिऱ्हाइकाने नेमकं काय करायचं ते सांगा. 'लवकरच प्लास्टिकमुक्त' हे भविष्याचं वचन आहे. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असं वचन द्यायचं तर ते कसं आणि कधी पूर्ण करणार याची ठोस योजना तयार हवी. नसेल तर लिहू नका.

माझ्या मते पेटीवर एवढं पुरे:

'चुलवाणात इंधन: फक्त आमच्याच उसाचं चिपाड. रस साफ करायला भेंडी आणि चुना. हायड्रॉस वापरलेलं नाही. या बॅचचा तपासणी अहवाल क्यूआरवर. बाहेरची पेटी: पुठ्ठा, रद्दीत द्या. आतली पिशवी: पॉलिथिन, धुऊन दुधाच्या पिशव्यांबरोबर भंगारात द्या.'

आत प्लास्टिक आहे हे स्वतःहून लिहिल्याने विक्री कमी होईल अशी भीती वाटेल. पुण्याचं जे गिऱ्हाईक पॅकिंगचं विचारतंय ते पेटी उघडल्यावर ती पिशवी बघणारच आहे. आधी सांगितलेलं बरं.

हां, 'आमच्याच उसाचं' यात शेजारच्या उसाचं चिपाडही येतं. तुमच्या घाण्यातून निघालेलं असलं की वाक्य खरं आहे, पण 'आमच्याच घाण्याचं चिपाड' असं लिहिलंत तर शंकाच नको.

क्यूआरचं एक सांगतो. कोड सरळ अहवालाच्या फाइलला जोडू नका. पुढच्या बॅचला फाइल बदलली की आधी छापलेल्या सगळ्या पेट्या जुना अहवाल दाखवतात. एक साधं पान करा, त्यात बॅच नंबरप्रमाणे अहवाल रचा, आणि कोड त्या पानाचा द्या. पेटीवर कोड किमान २ सेंटीमीटर, कडेला पांढरी जागा सोडून. तपकिरी पुठ्ठ्यावर फिकट शाईने छापला तर फोनला वाचता येत नाही, काळीच शाई घ्या.

या सगळ्यानंतरही नेहमीचा तपशील लागतोच: नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, बॅच, तक्रारीचा फोन, अन्न परवाना क्रमांक. हिरव्या मजकुराच्या नादात वजनाची अक्षरं बारीक झाली तर वैधमापनवाले आधी तेच धरतात.

---

महाद्वार_काउंटर

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. दुकानाच्या बाजूने.

महाद्वार रोडला येणारं गिऱ्हाईक अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडतंय, हातात दोन पिशव्या आहेत आणि गाडी पकडायची आहे. ते लेबल वाचत नाही. त्याला काउंटरवर एकच पाटी दिसते. त्या पाटीवर एकच वाक्य घाला, सगळ्या दाव्यांची यादी नको. ताई, तुमच्या पेटीवरच्या वाक्यांपैकी सगळ्यात लवकर कळणारं वाक्य चिपाडाचं आहे. त्याला जोडून चुलवाणाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करा: जळव्या चिपाड सारतोय, वर काहिलीत रस उकळतोय, मळी काढतायत. संगीत नको, घाण्याचा आवाज राहू दे. व्हॉट्सअॅप स्टेटसला आणि ऑर्डरच्या उत्तराबरोबर तोच पाठवा. पुण्यातल्या माणसाने गुऱ्हाळ बघितलेलं नसतंय, त्याला हेच बघायचंय.

पिशवीचं. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरीबॅगला २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि कैद. म्हणून लोक ती कापडासारखी दिसणारी पिशवी देतात आणि वर 'कापडी पिशवी, पर्यावरण वाचवा' छापतात. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, प्लास्टिकच. कडेचा धागा ओढून बघा. सुती असेल तर धागा निघतो, नॉन-वोव्हनचा नुसता भुगा निघतो. शिंप्याकडचे सुती तुकडे जोडून केलेल्या पिशव्या बचत गटाकडून घ्या, वर रबरी शिक्का मारा. रंग वेगवेगळे येतात, येऊ द्यात.

दर वाढवायचा नाही म्हणताय, तर उलट करा. स्वतःची पिशवी किंवा डबा आणला तर पाच रुपये कमी. ते पाच रुपये तुमच्या पिशवीच्या खर्चातून निघतात, गुळाच्या नफ्यातून नाही. 'इको पॅक'साठी दहा रुपये जादा लावले तर गिऱ्हाईक साधं पॅक मागतंय, हे गणित ठरलेलं आहे.

बरणी परत योजना फक्त कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकासाठी आणि फक्त मसाल्याची. अनामत बरणीच्या किमतीएवढी ठेवा. कमी ठेवली तर बरण्या परत येत नाहीत, जास्त ठेवली तर विक्री अडते. परत आलेली बरणी गरम सोड्याच्या पाण्यात धुवायची, पालथी घालून पूर्ण वाळवायची, काठावर टवका आहे का बोट फिरवून बघायचं. टवका असलेली भंगारात. झाकण मात्र नवं घ्यायचं, कारण आतल्या रबरासारख्या थराला लसणाचा वास बसतो आणि हवाबंदपणाही जातो. मसाल्याची बरणी काकवीला कधीही वापरू नका, कितीही धुतली तरी. बरणीवर ऑइल पेंटने किंवा कोरून छोटी खूण करा, नाहीतर लोक दुसऱ्याच बरण्या आणून देतात. आणि गिऱ्हाइकाच्या समोर डबा भरून देताना आधी डब्याचं वजन वगळा, मगच माल टाका. यावर भांडणं होतात.

प्रदर्शनात फ्लेक्सचा फलक लावून पर्यावरणाच्या गप्पा मारू नका. हे लोकांच्या लगेच डोळ्यात येतं. कापडावर रंगवून घ्या, तीन-चार वर्षं चालतंय. त्यावर तारीख आणि ठिकाण घालू नका म्हणजे झालं.

---

शिरोली_पॅकिंग

प्रमाणपत्रांचंही कोणीतरी विचारेल म्हणून लिहून ठेवतो. उद्यम नोंदणी असेल तर झेडचं (छोट्या उद्योगांच्या कामकाजाच्या दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र) ब्राँझ करता येतं, सूक्ष्म उद्योगाला शुल्कात ८० टक्के सवलत ठेवलेली आहे. धंदा तुमच्या नावावर असेल, म्हणजे महिलेचा, तर आणखी सवलत आहे का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण ते तुमच्या कामकाजाचं प्रमाणपत्र आहे, गुळाचं नाही. पाकिटावर 'झेड प्रमाणित हिरवा गूळ' असं लिहिलंत तर परत पहिल्याच घोळात. इकोमार्कचं (पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालाचं सरकारी प्रमाणपत्र) चिन्ह म्हणजे तो मातीचा माठ. त्याचे नवे नियम २०२४ मध्ये आले. परवान्याशिवाय ते छापता येत नाही.

पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची) योजनेत कोल्हापूर जिल्ह्यासाठी निवडलेलं उत्पादन गूळ आहे. त्यातली ब्रँडिंगची ५० टक्के मदत एकट्या गुऱ्हाळाला नाही, बचत गट, शेतकरी कंपनी, सहकारी संस्था अशा समूहाला आहे. चार-पाच गुऱ्हाळं मिळून एकच चाचणी वेळापत्रक आणि एकच पेटी केली तर ३,००० नगांची अटही जड जात नाही.

---

काकवीवाली_करवीर

मजकूर तसाच घेते. चिपाडाचा साठा बघितला, दीड दिवसाचाच असतो. तोवर 'मुख्यतः' लिहू का?

शेवटचं एक: मागच्या वर्षीचे 'केमिकल फ्री' छापलेले पावडरचे ८०० पाऊच शिल्लक आहेत. फेकायचे का? तेही पर्यावरणाच्या दृष्टीने बरं नव्हे.

---

लेबल_वाचणारा

हो, साठा होईस्तोवर 'मुख्यतः'.

पाऊच फेकू नका. 'केमिकल फ्री' झाकेल एवढाच अपारदर्शक कागदी स्टिकर लावा, नखाने सहज निघणार नाही असा. स्टिकरवर नवा दावा नको, फक्त ब्रँडचं नाव किंवा बॅच नंबर. खाली एमआरपी, वजन, तारीख, परवाना क्रमांक झाकला जात नाही ना, हे एका पाऊचवर लावून बघा आणि मगच बाकीचे करायला घ्या. पाठीमागच्या बाजूलाही तो शब्द घटकांच्या वर बारीक अक्षरांत असण्याची शक्यता असते, तोही झाका. दुकानात आधी गेलेले पाऊच तुमच्या नावाचेच आहेत, तेव्हा स्टिकरचा एक गठ्ठा दोन्ही दुकानांत देऊन या. आणि व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये त्या पाऊचचा जुना फोटो असेल तर तो आजच बदला.